खड्ड्यातला नळ

आज सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाने माझं बोट ओढलं. पाणी जायची वेळ झाली होती. धार बारीक होत होत तुटली, आणि तोटीला लोंबणारा शेवटचा थेंब टिपावा म्हणून मी बोट लावलं, तर नळाने ते धरलं. क्षणभरच, पण मुकाट नाही. आत कुठेतरी लांबवर घोगरा आवाज झाला आणि बोटाच्या टोकाची कातडी आत ओढली गेली. मागून नातसून म्हणाली, "आजी, चटका बसला का?" मी म्हटलं, "नाही गं, पाणी गेलं." ती हसली आणि कपात चहा गाळायला लागली. अमरावतीतलं हे घर तळमजल्याचं, नळ थेट लाइनचा, आणि असं होतं कधीकधी, मला ते ठाऊक आहे. या घरात ते माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. मी बोट पदराला पुसलं, खिडकीपाशी खुर्चीवर बसले, आणि चहा गार होईपर्यंत अकोल्यात होते. त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यात. मी चोवीस वर्षांची होते आणि पांढऱ्या साडीवर कमरेला पट्टा बांधत असे.

आमची वस्ती अकोल्याच्या एका टोकाला, जिनिंग प्रेसच्या मागच्या बाजूला. हंगामात कापसाचा भुगा उडायचा तो पत्र्यांवर, तुळशीवर नव्हे, आमच्याकडे तुळशी उरल्या नव्हत्या, पण वाळवणावर, केसांवर, भाकरीच्या पिठातसुद्धा बसायचा. माझा बाप नत्थुजी त्या प्रेसमध्ये फिटर होता. पट्टे, पंप, वाफेचे नळ, काहीही बंद पडलं की "नत्थूले बलावा." त्याला अक्षर फारसं येत नव्हतं, पण नळीला कान लावून आत काय अडकलंय हे तो सांगायचा. पाण्याचं मात्र आमचं जन्माचं दुखणं होतं. नालीच्या पलीकडे मोतीराम माळ्याचा भाजीचा मळा होता, आणि मळ्यात चांगली खोल, दगडाने बांधलेली विहीर. माझ्या लहानपणी आमच्या बाया त्या विहिरीच्या चौथऱ्याखाली हंडे मांडून उभ्या राहत. वर चढायचं नाही. मळ्यातली एखादी बाई रिकामी झाली की ती काढणार आणि वरून ओतणार. माझी आई अशी उभी राहायची, माझा हात धरून, आणि वरून पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडायचे ते ती पुसायची नाही. मला वाटायचं तिला गार वाटतं म्हणून. आई पंचावन्न साली गेली. छप्पनच्या दसऱ्याला बा नागपूरला जाऊन आला, आणि आला तो दारातच म्हणाला, "आता त्या इहिरीखाली आपली कोणतीच बाई उभी राह्यणार नाई." मग दोन वर्षं अर्ज, खेटे, सह्या, अंगठे. अठ्ठावन्न साली आमच्या वस्तीत नळ आला. एकच, चौकात. त्या दिवशी त्रिशरण झालं, आणि पहिला हंडा वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पार्बताबाईने भरला. नळाची चावी तिने स्वतःच्या हाताने फिरवली. पाणी हंड्याबाहेरच जास्त पडलं. सगळे त्या हाताकडे बघत होते.

मी अमरावतीच्या दवाखान्यात तीन वर्षं नर्सिंग शिकले आणि अकोल्याला परत येऊन बाळंतपणाच्या इस्पितळात लागले. वस्तीत मी एकदम "नर्सबाई" झाले. लहानपणी माझं नाक पुसणाऱ्या बाया मला "अहो-जाहो" करायला लागल्या, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझी वहिनी भागीरथा मात्र मला "जाई"च म्हणायची, आणि पट्ट्याला हात लावून, "कंबर मोडते का व तुई याच्याबिगर?" अशी चिडवायची. ती तेल्हाऱ्याकडची, हिवरखेडची. माझा भाऊ भगवंत तिच्यापुढे मुका. लग्नाला पाच वर्षं झाली होती, दोनदा दिवस जाऊन टिकले नव्हते, आणि त्रेसष्टच्या उन्हाळ्यात तिला तिसऱ्यांदा दिवस होते. या वेळी ते टिकले. ती ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, चालताना फक्त एक हात पोटाखाली धरायची, भरलेली कळशी धरावी तसा.

त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी आटलं. अकोल्याचा उन्हाळा ज्याने पाहिला त्याला मी काय सांगू. दुपारी कुत्रीसुद्धा सावलीपर्यंत जायचा कंटाळा करायची. नळाला सकाळी तासभर पाणी असायचं, ते बोटाएवढं झालं, मग करंगळीएवढं, मग नुसता थेंब. आमची वस्ती चढावर होती. खालच्या गल्ल्यांत पाणी यायचं, आमच्यापर्यंत चढायचं नाही. तेव्हा बाने ते काम केलं. रविवारी चार माणसं घेऊन त्याने नळाभोवती कमरेएवढा खड्डा खणला, उभी नळी कापली, तोटी खाली जमिनीच्या आत नेऊन बसवली, आणि खड्ड्यात उतरायला दगडाच्या तीन पायऱ्या रचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटाएवढी धार. बाया खड्ड्यात उतरून एकमेकींना हंडे वर देत होत्या आणि बाच्या नावाने ओरडत होत्या. "नत्थुजी, तुमाले त इंजिनेर कराले पायजे!" बा नुसता मिशीत हसत होता. मीही त्या दिवशी कौतुकाने पाहिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी शिकलेली होते, जंतू काय असतात ते मला परीक्षेत लिहिता आलं होतं, आणि त्या खड्ड्याकडे बघून मला फक्त माझा बाप हुशार आहे एवढंच दिसलं.

मग पाऊस आला. खड्ड्याशेजारून नाली जात होती, तिची कड खचली. रात्रभरात खड्डा गुडघाभर भरायचा. सकाळी पाणी यायच्या आधी पोरीबाळी डबड्यांनी तो उपसायच्या, तोटी वर दिसायला लागली की थांबायच्या. पहिल्यांदा नळाला गढूळ यायचं. दोन हंडे सोडून द्यायचे आणि मग भरायचं, असा वस्तीने आपला नियम केला होता. पहिलं पाणी गढूळच असतं, असं सगळ्याच म्हणायच्या, आणि दोन हंड्यांनंतर पाणी खरंच काचेसारखं यायचं. आजही मला त्या पाण्याची चव आठवते. गोड होतं.

जुलैच्या मध्याला पहिले पिवळे डोळे दिसले. आधी दोन पोरगे, मग प्रेसमधला एक हमाल, मग घराआड एक. जेवण नको, उलटी, ताप, आणि मग लघवी चहासारखी. माणसं आठ-पंधरा दिवस पडायची आणि उठायची. देवराव नावाचा एक माणूस सायकलवरून यायचा, कसल्याशा देठांच्या गाठी मारून केलेली माळ डोक्यात घालायचा. देठ सुकले की गाठी सैल व्हायच्या, माळ लांबत लांबत गळ्यात उतरायची, मग पोटावर. माळ वाढली की कावीळ उतरली. माणसं बरी होतच होती, म्हणून देवराव खरा ठरत होता. मला त्याचा राग येत नव्हता. तो हळद-तेल बंद करायचा आणि निजून राहा म्हणायचा, ते वाईट नव्हतं. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पार्बताबाईची धाकटी माणिक, बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना, तिच्या गळ्यात तीच माळ होती, आणि ती माझ्या वॉर्डात आली. पहिल्या दिवशी ती नखं दाखवून हसली. "पाह्य जाई, हयद लागल्यावानी झाली." दुसऱ्या दिवशी तिला अंबाडीची भाजी खावीशी वाटली. तिसऱ्या दिवशी ती मला आत्या म्हणायला लागली, आणि मग तिला कुणीच ओळखू येईना. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली तेव्हा माळ पोटापर्यंत उतरली होती. मी ती कापून काढली आणि मग पार्बताबाईला बोलावलं.

आमच्या डॉक्टरीणबाई बुटक्या, कडक, कधी न बसणाऱ्या. त्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, दिल्लीला सात-आठ वर्षांपूर्वी अशी साथ आली होती, नदीच्या पाण्यात गटाराचं पाणी शिरलं म्हणून. हजारो माणसं पिवळी झाली. आणि इतर माणसं उठतात, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला हा आजार वेगळाच धरतो. का, ते कुणाला माहीत नाही. "पाणी प्यायल्यावर लगेच दिसत नाही, सिस्टर. महिना, दीड महिना जातो. तोवर माणूस विसरलेलं असतं." हे वाक्य मी पुढे माझ्यापाशी धरून ठेवलं, कारण माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. कितीतरी वर्षांनी, पेन्शनीत निघाल्यावर, मी एका मासिकात वाचलं की पाण्यातून पसरणाऱ्या आणि गरोदर बायांना मारणाऱ्या त्या काविळीचा विषाणू सापडला आहे आणि त्याला हेपटायटिस ई असं नाव दिलं आहे. एकच अक्षर. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं. त्रेसष्ट साली आम्हाला ते अक्षर माहीत नव्हतं, पण त्याची चाल मला माहीत झाली होती.

ती अशी झाली. मी घरोघर फिरले. कोण पिवळं झालं, पाणी कुठलं. सव्वीस माणसं, सगळी नळाची. नालीपलीकडे मळ्यात मोतीरामच्या घरची चौदा माणसं, हाकेच्या अंतरावर, आणि त्यांत एकही नाही. ते विहिरीचं पीत. हे मला दिसत होतं आणि मी ते बघत नव्हते. पंधरा ऑगस्टला सुट्टी होती. सकाळी पाणी गेल्यावर हात धुवायला मी खड्ड्यात उतरले. धार तुटली होती, मी सवयीने तोटीवर तळहात धरला, आणि नळाने तळहात ओढला. मांसापर्यंत. मी सोडवला तेव्हा तिथे लाल वळ होता. मी खाली पाहिलं. पावलांभोवती नालीचं पाणी हळूहळू चढत होतं, त्यावर एक पान, एक चिंधी, आणि ते सगळं थोडं थोडं करून तोटीकडे सरकत होतं. पाणी जातं तेव्हा ते खालच्या गल्ल्यांकडे उतरतं, आणि रिकामी होणारी नळी तोंडाला जे लागेल ते ओढून घेते. सकाळी आपण दोन हंडे सोडून देतो आणि उरलेलं पितो. मला जे पहिलं सुचलं ते माणिकबद्दल नव्हतं. मला सुचलं की वर अंगणात वहिनी बसली आहे, सहावा संपत आला आहे, आणि हा खड्डा माझ्या बापाने खणला आहे.

बाला सांगितलं ते जेवताना. तो भाकरी मोडायचा थांबला नाही. "शयरभर नळ हायेत. आमच्याच नळाले रोग झाला?"

"नळाले नाई, बा. खड्ड्याले."

"थो खड्डा नसता त मे मयन्यात काय पेली असती तू? थुका?"

"आता पाऊस हाय. खड्डा भरते."

"अन् बंद केला त?" आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्सं खेटे घातले म्या. एक डाव बंद झाला त मंग कोण चालू करते? पुन्हा त्या इहिरीखाली उभ्या करतं आपल्या बाया? तुया मायवानी?"

भगवंत म्हणाला, "नर्सबाई झाली न ते. आता आपलं पाणी वंगाळच लागन तिले."

वहिनी चुलीपाशी होती. तिने तांब्यात पाणी ओतलं आणि तो तसाच हातात धरून राहिली, प्यावं की न प्यावं म्हणून नव्हे, आम्ही भांडत होतो म्हणून. मी उठले आणि तिच्या हातातला तांब्या घेऊन अंगणात पालथा केला. सगळे बघत राहिले. मी बाला म्हणाले, "उद्या पाणी गेल्यावर खड्ड्यात उतर. हात लावून पाह्य. मी नाई सांगत, तुई नळीच सांगन."

दुसऱ्या दिवशी तो कामाला उशिरा जाणार म्हणून सांगून आला. बायांची गर्दी होती. पाणी गेलं. बा पायजमा वर करून खड्ड्यात उतरला, वाकला आणि तोटीला तळहात लावला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. तो बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने दुसऱ्या हाताने खिशातून चिमूटभर कापूस काढला. प्रेसमधली माणसं कानात घालायला तो नेहमी ठेवतात. त्याने तो तोटीच्या तोंडाशी धरला आणि सोडला. कापूस खाली पडला नाही. तो वर गेला, आत, दिसेनासा झाला. खड्ड्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाया वाकून बघायला लागल्या. बा वर बघत म्हणाला, "ओढते." एवढंच. तीस वर्षं नळ्यांबरोबर काढलेल्या माणसाला त्याहून जास्त कुणी सांगावं लागत नाही. मग तो म्हणाला, "भगवंता, पाना आण माहा. अन् बूच."

"आता पाणी कुठचं?" कुणीतरी ओरडलं. "नत्थुजी, पोट्टे काय पितील?" "नर्सबाईच्या घरचं आणा!" गलका झाला. तेवढ्यात पार्बताबाई पुढे आली. माणिकला जाऊन दहा दिवस झाले होते. तिने खड्ड्याच्या कडेला आपला हंडा पालथा घातला आणि त्यावर बसली. "पह्यला हंडा म्या नेला होता या नळाचा," ती म्हणाली. "आता माह्यावरून ज्याले जायाचं असन त्यानं जावं." कुणी गेलं नाही. बाने तोटी काढली आणि बूच बसवलं.

विहिरीवर मी गेले. बाला मी विचारलं नाही. मोतीराम केव्हाच मेला होता, मळा त्याची सून केशरबाई चालवायची. जाडजूड, दणकट बाई, सकाळी डोक्यावर मेथीची पाटी घेऊन बाजारात जायची आणि दुपारी सगळ्यांना शिव्या द्यायची. ती मुळे निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, "म्हंजे तुमच्या नळानं तुमाले मारलं, अन् आता माही इहीर पायजे."

"हो."

"दीर भांडतील माहे. गाव बोलन."

"बोलन."

"तुले लाज नाई वाटत व मांगाले?"

"नाई," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. मला आश्चर्य वाटलं की ते खरं होतं. आई खाली उभी असायची ती जागा मला तिथून दिसत होती, तिथे आता भोपळ्याचा वेल पसरला होता.

केशरबाईने मुळ्याची जुडी बांधली. "माई सून पायली तू? आठवा लागला. तुमच्या वॉर्डात पाठवाले धनी तयार नाई, घरीच म्हनते. दायी आंधयी झाली." ती थांबली. "तू येशीन का घरी? आत, बाजेपाशी?"

"येईन. हात धुवायला उकळलेलं पाणी तेवढं द्याल."

"मंग काढा पाणी. सकायी दोन घंटे." मी निघाले तशी मागून म्हणाली, "अन् कोणी वरून ओताले येनार नाई, सांगून ठेवते. टाइम नाई माह्या बायाईले. आपआपल्या हातानं काढा." त्या घरी बाळंतपण मी दसऱ्याच्या आधी केलं. मुलगा झाला. केशरबाईच्या धन्याने मला आत जाताना अडवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमची माणसं कावडी घेऊन विहिरीवर चढायला लागली. तेही पाणी मी उकळायला लावलं. वस्तीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, भरपूर, जळणाची अडचण नव्हती, पण "उकयलेल्या पान्याले चव नाई" ही तक्रार दिवसातून दहादा ऐकली. आणि कावीळ थांबली नाही. नळ बंद होऊन आठवडा झाला, आणखी चार. दोन आठवडे, आणखी पाच. देवरावाची सायकल रोज चौकात. मी प्रत्येकाला तेच सांगत होते, हे जुन्या पाण्याचं आहे, दीड महिना थांबा. मी इतक्या ठामपणे सांगायचे की इस्पितळातल्या बाया माझ्या आवाजाची नक्कल करत. रात्री मात्र अंथरुणावर पडले की मी मोजायचे, सोळा ऑगस्टपासून किती झाले, आणि एका डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्यावर आपण दोनशे माणसांना कावडी उचलायला लावल्या आहेत हे मला नीट दिसायचं. ठामपणा ही काय चीज आहे हे मला तेव्हा कळलं. तो आधी आवाजात येतो. मनात यायला त्याला वेळ लागतो, आणि मधला काळ माणसाने उभं राहून काढायचा असतो.

रोज सकाळी मी वहिनीला दारात उजेडाला बसवायचे आणि खालची पापणी ओढून बघायचे. "काय पाह्यतं व रोज?" ती म्हणायची. "सोनं सापडलं का माह्या डोयात?" मी म्हणायचे, "अजून नाई." तेहेतिसाव्या दिवशी मी पापणी ओढली आणि धरूनच ठेवली. ती म्हणाली, "सापडलं." टांगा आणायला भगवंत अनवाणी धावला.

तिसऱ्या दिवशी ती भ्रमात गेली. बाळ सात महिन्यांवर झालं, मुलगा, माझ्याच हातात, आणि अर्धा तास जगला. त्याचा रंग मला आठवतो. तो मी लिहिणार नाही. वहिनी त्या वेळी इथे नव्हतीच. ती हिवरखेडच्या कुठल्याशा शेतात कुणाला तरी हाका मारत होती. बा बाहेर व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मी बाहेर आले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "म्या पाजलं न तिले?"

मी बाळंतपणाच्या खोलीतून इतक्या लोकांना इतक्या गोष्टी सांगायला बाहेर आले आहे, आणि काय सांगायचं असतं ते मला येतं. त्याला मी खोटं सांगितलं असतं तरी त्याने मानलं नसतं. त्याने कापूस वर जाताना पाहिला होता. मी म्हटलं, "हो, बा. अन् बंदही तूच केलं." त्याने विचारलं, "किती दिस झाले बंद करून?" "पस्तीस." "अजून किती म्हनतं तू?" "दहा-पंधरा." त्याने मान हलवली, प्रेसमध्ये कुणी पंपाचं माप सांगितल्यावर हलवायचा तशी, आणि उठला.

त्या संध्याकाळी वस्तीत बैठक होती. मला जावं लागलं, वॉर्डातून दोन तासांची सुट्टी घेऊन. नळ उघडा, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. पाऊस थांबला आहे, खड्डा कोरडा आहे, कावडी वाहून खांदे सोलले. "नळ बंद केला अन् नर्सबाईच्याच घरात पह्यली बाई पडली," एक जण म्हणाला. "कायचा इलाज हाय हा?" ते खरं होतं, आणि माझ्याकडे पुन्हा तेच उत्तर होतं. मी उभी राहिले आणि तेच सांगितलं. ती सहा हप्त्यांपूर्वी प्यायली होती, त्याचं आज दिसतंय. आज जे पीत आहात त्याचं दिवाळीच्या तोंडी दिसेल. माझा आवाज स्थिर होता. तो या वेळी आतूनच स्थिर होता, आणि का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सगळे भगवंताकडे बघायला लागले. त्याचं मूल सकाळी गेलं होतं, बायको बेशुद्ध होती, आणि माझ्यावर ओरडायचा सगळ्यांत जास्त हक्क त्याचा होता. तो उठला. भिंतीशी टेकवलेली कावड त्याने उचलली, दोन्ही डबे अडकवले. अंधार पडायला आला होता, केशरबाईने दिलेली वेळ सकाळची होती. तो म्हणाला, "जाई म्हनते दिवाळी, त दिवाळी," आणि नालीवरची फळी ओलांडून मळ्याकडे निघाला. मळ्यात कुत्रं भुंकलं, मग केशरबाईचा आवाज आला, "कोन हाय बे?" मग रहाट वाजायला लागला. बैठक उठली. कुणी काही ठरवलं नाही, पण नळाचं बूच तसंच राहिलं. त्यानंतर वस्तीत सात माणसं पिवळी झाली, सगळी ऑक्टोबरच्या आत. मग एकही नाही. त्रेचाळीस माणसं त्या नळाने पिवळी केली, आणि माणिक व ते बाळ नेलं. हा आकडा कुठल्याही कागदावर नाही. तो माझ्यापाशी आहे, आणि तो बरोबर आहे.

वहिनीच्या उशाशी मी त्या दोन रात्री बसून होते. तिची लघवी मोजायची, तळवे चोळायचे, ग्लुकोजची बाटली बदलायची. आमच्यापाशी त्याहून जास्त काही नव्हतं. डॉक्टरीणबाई दर दोन तासांनी येऊन तिच्या नावाने हाक मारायच्या. तिने ओ दिली नाही की वहीत एक रेघ ओढायच्या. पाचव्या दिवशी सकाळी झाडूवाली फरशी पुसत होती, खिडकीतून ऊन वहिनीच्या पायांवर आलं होतं, आणि मी नुसती पायांकडे बघत होते. ते हलले. वर पाहिलं तर तिचे डोळे उघडे होते, पिवळेजर्द, आणि माझ्यावर होते. तिने माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिच्या पोटाकडे तिचा हात अजून गेला नव्हता. तो जाईल आणि मला सांगावं लागेल, हे मला कळत होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी मान उचलून धरली आणि ग्लास ओठांना लावला. तिने तो जिभेच्या टोकाने मागे सारला.

"कुठचं हाय व पाणी?" तिने विचारलं.

"इहिरीचं. उकयलेलं."

मग ती प्याली.